मर्यादित खर्चात घरचे लग्न : बैठकीत काय ठरवून घ्यावे?

सातपूरचा थोरला

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आहे. मुलगा नाशिकमध्येच नोकरीला आहे आणि त्याचे मूळ गाव निफाड तालुक्यात आहे. आमचे वडील सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले असून त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आई-वडिलांच्या म्हातारपणासाठी आहे. तिला लग्नासाठी हात लावायचा नाही आणि कर्जही काढायचे नाही, हे घरात सर्वांनी मिळून ठरवले आहे. त्यामुळे सोने वगळता आमच्या हातात सहा लाख रुपये आहेत.

मुलाकडच्या मंडळींनी हुंड्याचा विषय आपणहून बाजूला ठेवला, याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते. मात्र ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ असे ते म्हणाले आहेत. आमच्या बाजूची यादी तीनशेच्या घरात जाते, तर गावाकडचे भाऊबंद धरून त्यांची माणसे पाचशे होतील, असा त्यांचा अंदाज आहे. शिवाय मुलाच्या आजींची इच्छा आहे की सिंहस्थ लागण्यापूर्वी कार्य पार पडावे.

सुपारीची बैठक अद्याप व्हायची आहे. माणसांच्या संख्येविषयी व्याह्यांशी कसे बोलावे, मंगल कार्यालय घ्यावे की लॉन्स, जेवण केटररकडे द्यावे की आचारी लावावा, आणि कपडे-सोन्यात कुठे हात आखडता घेणे योग्य ठरेल, याविषयी ज्यांनी घरची लग्ने निभावली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गंगापूर रोडचे काका

थोरल्या भावाने ही जबाबदारी अंगावर घेतली, हे वाचून बरे वाटले. मी माझ्या दोन मुलींची आणि एका पुतणीची लग्ने केली आहेत. तेवढ्या आधारावर पहिली गोष्ट सांगतो, ती अशी की लग्नाचा खर्च वस्तूंवरून ठरत नाही, तो माणसांवरून ठरतो. जेवणाची ताटे, कार्यालयाचा आकार, खुर्च्या, पाण्याचे जार, पत्रिका, वऱ्हाडाच्या गाड्या, मानपानाचे कपडे, हे सगळे माणसांच्या संख्येबरोबर वाढत जाते. व्यासपीठावरची फुले कमी करून जे वाचेल, ते शंभर माणसे वाढली की एका फटक्यात निघून जाते. तुम्ही ३०० आणि ते ५००, म्हणजे ८०० माणसे. सहा लाखांना ८०० ने भागले तर माणशी ७५० रुपये येतात, आणि त्यात कार्यालय, मांडव, कपडे, भटजी, फोटो, बँड असे सर्व बसवायचे आहे. हीच रक्कम ४०० माणसांवर पसरली तर माणशी १,५०० रुपये होतात आणि कार्य सन्मानाने पार पडते. म्हणून सजावटीच्या किंवा बँडच्या चर्चेत आत्ता वेळ घालवू नका. संख्या ठरेपर्यंत कोणालाही विसार देऊ नका.

‘लग्न चांगले करून द्या’ हे वाक्य मी तिन्ही वेळा ऐकले आहे. ते म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण त्या ‘चांगले’मध्ये काय काय येते हे ज्याने त्याने आपल्या मनात वेगळे धरलेले असते. कोणाला ते जेवणात दिसते, कोणाला बँडमध्ये, तर कोणाला गावच्या प्रतिष्ठित मंडळींच्या सत्कारात. ते उलगडून घेण्याची जागा म्हणजे सुपारीची बैठक. आपल्याकडे सुपारी फुटताना याद लिहिण्याची पद्धत आहे. दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, कोणी काय करायचे हे कागदावर येते आणि दोघांच्या सह्या होतात. पूर्वी या यादीत देण्याघेण्याची कलमे असत, म्हणून पुष्कळ सुशिक्षित घरांनी ती बंद केली. माझे मत असे की देणेघेणे गेले हे उत्तमच झाले, परंतु याद टिकली पाहिजे, कारण तोंडी ठरलेल्या गोष्टी लग्नाच्या आदल्या दिवशी दोन घरांना दोन प्रकारे आठवतात.

त्या कागदावर काय असावे ते सांगतो. दोन्हीकडची मिळून किती माणसे, आणि कोणाची किती, हे आकड्यात लिहा. ठरल्यापेक्षा जास्त माणसे आली तर त्या ताटांचे पैसे कोण देणार, हेही त्याच वेळी लिहा. हळद एकत्र की आपापल्या घरी, वऱ्हाडाच्या गाड्या कोणाच्या, बँड कोणाचा आणि किती वेळ, मानपानाचे कपडे कोणाकोणाला आणि किती जोड, हे ठरवा. टोपी, टॉवेल आणि साड्यांचा मानपान दोन्ही बाजूंनी बंद करता आला तर फार मोठे ओझे हलके होते. कारण ते कपडे बहुधा कोणी वापरत नाही, एका लग्नातले दुसऱ्या लग्नात फिरत राहतात, आणि रुसवेफुगवे मात्र त्यावरूनच होतात.

खर्चाच्या वाटणीचे दोन मार्ग मी पाहिले आहेत. एक, सरसकट निम्मे-निम्मे. दुसरा, कार्यालय आणि मांडव निम्मे-निम्मे, पण जेवणाचा खर्च ज्याचा त्याने आपापल्या माणसांप्रमाणे द्यायचा. माणसांची संख्या इतकी विषम असताना मला दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. त्यात कोणाला ‘तुमची माणसे कमी करा’ असे म्हणावे लागत नाही. प्रत्येक घर आपली यादी आपणच पुन्हा एकदा तपासते.

तिसरीही एक वाट आहे, आणि तुमच्या बाबतीत मला ती सर्वांत योग्य वाटते. निफाडकडच्या गावातली सगळी माणसे नाशिकला आणण्यात त्यांनाच त्रास आहे. ऐन हंगामात शेतीची कामे सोडून, गाड्या भरून यायचे आणि जेवून लगेच निघायचे. त्याऐवजी लग्नाला जवळचे आप्त यावेत, आणि सत्यनारायणाच्या दिवशी मुलाकडच्यांनी गावात आपल्या दारी जेवण घालावे. गावात भांडी, जागा आणि वाढणारी मुले घरचीच असल्यामुळे त्या जेवणाचा खर्च बराच कमी येतो, गावाला नवी सूनही पाहायला मिळते आणि भाऊबंदांचा मानही राहतो.

शेवटचे म्हणजे हे बोलणार कोण. तुम्ही मुलीचे भाऊ आहात, वयाने लहान आहात; तुम्ही थेट बोललात तर तो उद्धटपणा ठरू शकतो, आणि वडिलांनी बोलले तर त्यात अगतिकता दिसते. मध्यस्थांना किंवा मामांना पुढे करा. त्यांना तुमचा आकडा आधी स्पष्ट सांगा आणि तो लपवू नका. ‘आमची ऐपत एवढी आहे, कर्ज काढणार नाही आणि जे करू ते मनापासून करू’ हे वाक्य मामांच्या तोंडून आले की समजूतदार व्याही त्याचा मान राखतात.

आचारी घराण्यातला

दादा, आमच्या घरात तीन पिढ्या लग्नाचा स्वयंपाक करतात आणि आता माझा धाकटा भाऊ केटरिंगही पाहतो, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

केटरर ताटाचा दर सांगतो. त्या दरात किराणा, भाजी, गॅस, भांडी, वाढपी आणि पाणी धरलेले असते. आचारी मात्र फक्त मजुरी घेतो आणि तुमच्या हातात किराण्याची यादी देतो. मग तेल-तुपापासून काडेपेटीपर्यंत सगळे तुम्ही आणायचे, भांडी भाड्याने आणायची, व्यापारी वापराचे गॅस सिलिंडर मिळवायचे आणि वाढप्यांची सोय बघायची. आचारी लावल्याने पैसे वाचतात हे खरे, पण घरातली दोन खंबीर माणसे लग्नाच्या दिवशी भटारखान्यातच उभी राहणार असतील तरच. मुलीच्या भावाने आणि काकाने तो दिवस तेल मोजण्यात घालवू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून हळदीच्या शंभर-सव्वाशे माणसांच्या जेवणाला आचारी लावा आणि लग्नाच्या मोठ्या जेवणाला केटरर द्या.

केटररशी बोलताना ‘किमान ताटे’ किती धरणार, हे आधी विचारा. तुम्ही ४०० सांगितलीत आणि ३३० जेवली, तरी पैसे ४०० चेच द्यावे लागतात. म्हणून अंदाजापेक्षा थोडी कमी ताटे सांगावीत आणि त्याहून अधिक किती माणसांची तयारी केटरर स्वतःच्या जबाबदारीवर ठेवील, ते लिहून घ्यावे. ताटांची मोजणी कोण करणार हेही ठरवा. ताटांची चळत जिथे असते तिथे सुरुवातीला आणि शेवटी तुमचा एक माणूस आणि त्यांचा एक माणूस मिळून मोजणी करतील, एवढे ठरले तरी हिशेबाच्या वेळी आवाज चढत नाहीत.

आता पदार्थांविषयी. लोक पदार्थांची संख्या वाढवतात आणि प्रत्येक पदार्थ मध्यम प्रतीचा होतो. मसालेभात, मठ्ठा, जिलबी, बटाट्याची सुकी भाजी, एक रस्साभाजी, पुरी, कोशिंबीर आणि वरण-भात, एवढे पान उत्तम केले तर कोणाच्याही तोंडून उणा शब्द निघत नाही. चाट, पास्ता, चार प्रकारचे आइस्क्रीम अशी वेगवेगळी टेबले मांडली की लोक तिथेच पोट भरतात आणि मुख्य अन्न उरते. तुमच्या पैशाला जेवणात खरा मार बसतो तो याच ठिकाणी.

हळदीच्या जेवणाला आचारी लावलात तर शंभर माणसांमागे आमच्या घरचा अंदाज सांगतो. मसालेभाताला सात ते आठ किलो तांदूळ, वरणाबरोबरच्या साध्या भाताला तीन किलो, पुरीसाठी आठ ते नऊ किलो कणीक, सुक्या भाजीला दहा ते बारा किलो बटाटा, तयार जिलबी आठ ते दहा किलो आणि मठ्ठा पंधरा ते अठरा लिटर. गावाकडची कष्टाची माणसे अधिक असतील तर पुरी आणि भात वाढवा. शहरातली नोकरदार मंडळी आणि वयस्कर माणसे अधिक असतील तर गोड कमी धरा. तांदूळ घोटीच्या गिरणीवरून थेट घेतला तर दरात आणि प्रतीत दोन्हींत फरक पडतो. भाजी पंचवटीच्या बाजार समितीतून आदल्या दिवशी आणावी. पालेभाजी आणि फ्लॉवर यांचे दर एका अवकाळी पावसाने दुप्पट होतात, म्हणून लग्नाच्या पानात शक्यतो बटाटा, वाटाणा, वांगी किंवा कडधान्य अशा भाज्या ठेवाव्यात.

एक कळकळीचे सांगणे आहे. मुहूर्त साडेबाराचा असतो आणि अक्षता पडतात दीड वाजता, कारण मधला तास मान्यवरांच्या सत्कारात जातो. अन्न कडक होते, पुऱ्या पुन्हा तळाव्या लागतात, म्हातारी माणसे आणि लहान मुले उपाशी राहतात, आणि कंटाळलेली माणसे जेवणावर एकदम तुटून पडली की ताटात टाकलेल्या अन्नाचे ढीग दिसतात. सत्कार ठेवू नका. ठेवायचेच असतील तर ते जेवणे चालू असताना करा. वयस्करांसाठी एक पंगत वेगळी मांडा, आणि उरलेले अन्न नेणारी संस्था किंवा आश्रम आधीच हेरून त्यांच्याशी वेळ ठरवून ठेवा; संध्याकाळी पाच वाजता शोधाशोध केली तर उन्हाळ्यात अन्न तोवर खराब झालेले असते.

आडगावकर

कार्यालय आणि लॉन्स यांविषयी थोडक्यात लिहितो. सांगितलेले भाडे आणि प्रत्यक्ष बिल यांत जे अंतर पडते, ते वीज, जनरेटरचे डिझेल, साफसफाई, जादा खोल्या आणि जादा तास यांमुळे पडते. या प्रत्येकाचा दर पावतीवर लिहून मागा. काही ठिकाणी केटरर आणि मांडववाला त्यांचाच घ्यावा लागतो. तसे असेल तर भाडे कमी दिसले तरी एकूण खर्च कमी होत नाही. तारीख बदलावी लागली तर विसाराचे काय, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारायचा असतो.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट नवीन राहिलेली नाही. उघड्यावरचे लॉन्स घेणार असाल तर ४०० माणसे मावतील एवढे पक्के छत शेजारी आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लग्नालाही लागू आहेत. त्यामुळे गोरज मुहूर्त आणि त्यानंतर मोठी वरात असा बेत असेल, तर वेळेचे गणित आधीच जमवावे. माझ्या मते दुपारचा मुहूर्त आणि सनई-चौघडा एवढे पुरेसे आहे. डीजेला दिलेल्या पैशात कोणाच्याही पदरी काही पडत नाही, आणि वरातीत नाचणाऱ्यांमुळे अख्ख्या मांडवाला ताटकळावे लागते.

येवल्याची लेक

दादा, कपड्यांविषयी मी लिहिते, कारण माझे माहेर येवल्याचे आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी पैठणीसाठी माझ्याबरोबर येवल्याला येते.

बस्ता बांधायला दोन्ही घरांतली पंधरा-वीस माणसे दुकानात गेली की खर्च हाताबाहेर जातो. एकमेकींच्या देखत कमी किमतीची साडी निवडणे कोणालाच बरे वाटत नाही. नवरी, तिची आई, सासूबाई आणि एखादी जाणती मावशी, एवढ्या चौघीच जाव्यात आणि एकूण रक्कम घरून ठरवून जावे. लग्नाच्या दिवशी लागणाऱ्या साड्या तीनच असतात: हळदीची, विधीची आणि सासरी निघतानाची. त्यांतली एक चांगली पैठणी घ्या आणि बाकीच्या दोन साध्या, पुढे रोज नेसता येतील अशा घ्या. नवऱ्या मुलाची शेरवानी आणि मोठे डिझायनर पोशाख भाड्याने मिळतात. एका दिवसासाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही.

पैठणी घ्यायची तर नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या येवल्याला विणकरांच्या घरी जाऊन घ्यावी. तिथे मागावर बसलेला माणूस दिसतो आणि एका साडीला किती दिवस लागले हेही कळते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिच्या नावाने यंत्रमागावरच्या साड्या सर्रास विकल्या जातात. ओळखायची सोपी खूण अशी की पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदराची नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीत उलटीकडे कापलेले किंवा लोंबणारे धागे दिसतात. यंत्रमागाची साडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही, ती स्वस्त असते आणि नेसायला हलकीही असते. फक्त तिचे पैसे हातमागाच्या दराने जाऊ नयेत.

सोन्याचे तुम्ही वेगळे धरले आहे, तरी एक सांगते. घरात आजीच्या किंवा आईच्या जुन्या बांगड्या, पुतळ्या, मोडकी कर्णफुले असतील तर नवे सोने घेण्याआधी ती बाहेर काढा. मोड देताना आधी तपासणी यंत्रावर शुद्धता पाहून घ्या, वजन आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगा, आणि खडे व लाखेचे वजन किती वजा धरले ते विचारा. नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असलाच पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही. भावात सगळ्या दुकानांत फारसा फरक नसतो, फरक घडणावळीत असतो. नाजूक कलाकुसरीच्या दागिन्याला घडणावळ जास्त पडते आणि मोडताना ती परत मिळत नाही. मंगळसूत्र, साध्या पाटल्या आणि एखादी ठुशी घ्या. लग्नापुरता मोठा हार हवा असेल तर तो घरातल्या कोणाचा तरी घालावा. माझ्या वहिनीने माझ्या आईचा चपलाहार घातला होता आणि तो तिला फार शोभून दिसला होता.

पंचवटीतील शिक्षिका

वरची सर्व उत्तरे उपयुक्त आहेत, पण या चर्चेत आतापर्यंत ज्या व्यक्तीचे लग्न आहे तिचे म्हणणे कुठेच आले नाही, म्हणून विचारते. तुमच्या बहिणीला आणि त्या मुलाला काय हवे आहे, हे दोघांना एकत्र बसवून कोणी विचारले आहे का? पुष्कळदा वडीलधारी मंडळी मुलांच्या हौसेसाठी खर्च करत असतात आणि मुले वडीलधाऱ्यांच्या प्रतिष्ठेसाठी मान डोलावत असतात. प्रत्यक्षात तेवढा खर्च दोघांपैकी कोणालाच नको असतो.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहितावाचून, वधू-वरांनी एकमेकांना दिलेल्या वचनांवर उभा असलेला, अत्यंत कमी खर्चाचा तो विधी होता. त्यामागे कर्ज काढून लग्ने करणाऱ्या शेतकरी कुटुंबांची खरी काळजी होती. आजही आपल्या जिल्ह्यात सत्यशोधक पद्धतीने लग्ने होतात. ज्यांना नोंदणी विवाह करायचा असेल त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकजण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल तेथील विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. त्यानंतर शंभर जवळच्या माणसांना बसवून उत्तम जेवण दिले, तर सहा लाखांतले निम्म्याहून अधिक पैसे त्या दोघांच्या घराच्या अनामत रकमेला आणि भांड्याकुंड्यांना उपयोगी पडतील.

गंगापूर रोडचे काका

बाईंच्या मुद्द्याचा मी आदर करतो, आणि मुलीला विचारावे हे तर शंभर टक्के खरे आहे. फक्त एवढेच सुचवतो की निफाडकडच्या एकत्र कुटुंबात आजी हयात असताना नोंदणी विवाहाचा प्रस्ताव मुलीच्या बाजूने गेला, तर त्याचा अर्थ ‘यांना खर्च करायचा नाही’ असा लावला जाण्याची शक्यता आहे आणि त्याची झळ पुढे मुलीला सोसावी लागते. तो प्रस्ताव मुलाने स्वतः आपल्या घरात मांडला तर गोष्ट वेगळी. अलीकडे साखरपुड्यातच लग्न लावण्याची पद्धत आपल्या जिल्ह्यात चांगलीच रुळली आहे. दोन समारंभांचा एक होतो, विधी सगळे होतात आणि माणसे आपोआप मर्यादित राहतात. या दोन टोकांच्या मधला तो मार्ग आहे.

सातपूरचा थोरला

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी विचारलेला प्रश्न काल रात्री बहिणीला विचारला. तिने सांगितले की तिला आणि मुलाला साधे लग्न चालेल, परंतु मंगलाष्टका आणि सप्तपदी हवी आहे, आणि आईने तिच्यासाठी जपून ठेवलेली साडी तिला विधीच्या वेळी नेसायची आहे. बाकी कशाचाही आग्रह नाही. मुलगा आपल्या घरी माणसांविषयी बोलायला तयार आहे. मामांनाही विषय सांगितला असून बैठकीत याद लिहायची हे नक्की केले आहे.

आता अडचण तारखेची आहे. सिंहस्थाच्या आत आणि मे महिन्याच्या सुटीत, अशी दोन्हीकडून मागणी आहे, पण चौकशी केलेल्या तिन्ही कार्यालयांत एप्रिल अखेरीच्या आणि मेच्या सुरुवातीच्या तारखा संपल्या आहेत.

जुन्या नाशकातले आजोबा

बाळा, या वर्षी गर्दी होण्याचे कारण पंचांगातच आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना आहे आणि अधिक मासात विवाह लागत नाहीत. त्यामुळे सुटीतला निम्मा मे महिना हातातून गेला आणि सगळ्यांची धाव त्याआधीच्या तारखांवर पडली. पुढे २५ जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास सुरू. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. तेव्हा आजींची इच्छा पाळायची असेल तर अधिक मास संपल्यावर, १६ जूननंतर निज ज्येष्ठात जे मुहूर्त आहेत ते पाहावेत. शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, पावसाची भीती असते, म्हणून त्या तारखांना मागणी कमी असते आणि कार्यालयवाले दरात मोकळ्या मनाने बोलतात. लॉन्स मात्र त्या दिवसांत घेऊ नये; बंदिस्त कार्यालयच घ्यावे. मंगळवार-बुधवार असा आठवड्याचा मधला वार घेतला तर आणखी सोपे जाते. तोही जमला नाही तर गुरुजींकडून दोघांच्या पत्रिकांवरून काढीव मुहूर्त घेता येतो.

सिंहस्थात गुरू सिंह राशीत असताना विवाह करू नये असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले आहे आणि त्याला अपवादही दिलेले आहेत. आजींची समजूत घालायची वेळ आली तर ते काम घरातल्या मुलांनी न करता त्यांच्या विश्वासातल्या गुरुजींनी करावे. व्यवहाराच्या बाजूने पाहिले, तर अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आहेत. ते दिवस चातुर्मासातलेच असल्यामुळे तेव्हा लग्ने नसतातच. परंतु त्याच्या आगेमागे शहरातील लॉज, धर्मशाळा आणि भाड्याच्या गाड्या यांचे दर चढलेले असतील, आणि पाहुण्यांची राहण्याची सोय बाहेर करावी लागणारे लग्न त्या काळात महाग पडेल, हे लक्षात असू द्यावे.

आचारी घराण्यातला

जूनअखेरीची तारीख धरलीत तर मठ्ठ्याचे प्रमाण शंभरामागे बारा लिटरवर आणा आणि त्याऐवजी गरम कढी ठेवा. कोथिंबीर, मेथी पावसात महाग आणि चिखलाने भरलेली येते, म्हणून पानात मटकीची उसळ घ्या. भटारखान्यावर ताडपत्री आहे का आणि गॅसच्या शेगड्यांना वाऱ्याचा आडोसा आहे का, ते कार्यालय पाहायला जाल तेव्हाच बघा.

गंगापूर रोडचे काका

तारीख ठरली की तीन कामे लगेच मार्गी लावा. पत्रिका वडीलधारी मंडळी आणि कुलदैवत यांच्यापुरत्या शंभर छापा, बाकीच्यांना फोन करून मोबाइलवर पाठवा, आणि ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिण्याऐवजी ज्यांना बोलावले त्यांची नावे लिहा. ‘आहेर आणू नये’ असे छापणार असाल तर ते दोन्ही घरांनी पाळावे, कारण एकाने घेतला आणि एकाने नाकारला तर पाहुण्यांची पंचाईत होते. जे काही दागिने आणि भेटवस्तू वधू-वरांना मिळतील त्यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांत तशी तरतूदच आहे आणि मुलीच्या दृष्टीने तो कागद मोलाचा आहे.

विवाहाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करावी. शहरात महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत ती होते. लग्नाच्या दिवशीच गुरुजींची सही अर्जावर घेऊन ठेवा, तिन्ही साक्षीदार नाशिकमध्ये राहणारेच निवडा, आणि हार घातलेला वधू-वरांचा एक स्पष्ट फोटो व लग्नपत्रिकेची एक प्रत वेगळ्या पाकिटात आईकडे देऊन ठेवा.

सातपूरचा थोरला

जूनच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त गुरुजींनी दिला आहे आणि मुलाच्या घरीही तो मान्य झाला आहे. गावातले जेवण ते स्वतः घालणार आहेत, त्यामुळे नाशिकला दोन्हीकडची मिळून साडेतीनशे माणसे असतील. रविवारी बैठक आहे. यादीचा कच्चा मसुदा मी वर सुचवलेल्या कलमांप्रमाणे लिहून मामांकडे दिला आहे, आणि सोमवारी दोन बंदिस्त कार्यालये पाहायला जाणार आहोत. येवल्याच्या ताई, आईची ती साडी पैठणीच आहे, पण घडीवर थोडी विरली आहे. ती दुरुस्त करून देणारे विणकर येवल्यात आहेत का, तेवढे कृपया कळवावे.

येवल्याची लेक

आहेत, दादा. साडी घडीवर विरली असेल तर ती आणखी घडी न घालता सुती कापडात गुंडाळून, नळीसारखी करून आणा. मागावर काम करणारे जुने विणकर विरलेल्या जागी रेशमाचा धागा भरून रफू करतात, आणि पदर-काठ चांगले असतील तर अंगाचे कापड नवे विणून त्याला जुने काठ जोडण्याचाही पर्याय असतो. काम सावकाश चालते, म्हणून बैठक झाली की त्याच आठवड्यात घेऊन या. शनिवारी आलात तर मी स्वतः बरोबर येईन.